जैतूनबीची नखं

जैतूनबीला माती देऊन लोक कबरस्तानाबाहेर पडले, तेव्हा जो तो एकच बोलत होता. किती नेक बाई होती, किती साफ दिलाची. मी चपला शोधत होतो. मनात म्हटलं, साफ? ही बाई साफ? उभ्या जन्मात एवढी घाणेरडी बाई मी पाहिली नाही, आणि हे लोक तिला साफ म्हणतात. मेलेल्या माणसाबद्दल खोटं बोलायची लोकांना काय हौस असते कळत नाही. माझी बायको गया गेली तेव्हाही असंच. "सोन्यासारखी होती," म्हणाले. सोन्यासारखी बिलकूल नव्हती. तापट होती, तोंडानं फाटकी होती, आणि माझी होती. तेवढं बस होतं की. सोनं कशाला मध्ये आणायचं?

म्हणून म्हटलं, जैतूनबी जशी होती तशी कुणीतरी लिहून ठेवावी. मी चौथी शिकलेला माणूस. कापसाच्या गोदामावर गठाणी उचलण्यात जन्म गेला. गोड लिहिता येत नाही, आणि येत असतं तरी या बाईबद्दल लिहिलं नसतं.

मुकुंदवाडी स्टेशनामागं आमची गल्ली. माझ्या घराच्या भिंतीला लागून जैतूनबीचं घर. मध्ये एक पडकी कंपाउंडची भिंत, ती एवढी बुटकी की तिच्या कोंबड्या दिवसभर इकडून तिकडं नांदायच्या. सकाळी दार उघडलं की पहिला वास तिच्या घरचा. खुराड्याचा, भिजलेल्या कोंड्याचा, मिसरी भाजल्याचा. गाडी स्टेशनात शिरली की वाऱ्याचा झोत यायचा आणि तो वास सगळा माझ्या घरात. गया म्हणायची, "नाक झाका नायतर घर बदला." मी नाक झाकलं. बत्तीस वर्षं.

बाई उंचीला ठेंगणी, अंगानं रुंद, आवाज लाउडस्पीकरचा. नवरा लवकर वारला. मग तिनं गावरान कोंबड्या आणि अंडी विकून पोरगा वाढवला, सलीम. तिच्या उजव्या हाताचं पहिलं बोट मिसरीनं काळं झालेलं असायचं. त्याच बोटानं ती डाळीतलं मीठ चाखायची. आणि अंगठ्याचं नख तिनं मुद्दाम वाढवलेलं. त्या नखानं ती अंड्यावरची घाण खरवडायची, लसूण सोलायची, पातेल्याची करप काढायची, कोंबडीच्या अंगावरची गोचीड टिपायची आणि दातात अडकलेलं काढायची. एकच नख. त्या नखाखाली काय काय असेल याचा विचार आला की माझा घास तोंडात फिरायचा.

तिच्याकडं पाहुणा आला आणि चहात माशी पडली, तर ती माशी नखानं उचलून भिंतीला पुसायची आणि कप पुढं करायची. "कुछ नै होता." हा तिचा मंत्रच. दुधात केस, कुछ नै होता. पिठात अळी, कुछ नै होता. नळाला तांबडं पाणी आलं, गल्लीतल्या निम्म्या लोकांना जुलाब लागले, ही घागर डोक्यावर घेऊन सगळ्यांना सांगत फिरली, कुछ नै होता. आणि तिला खरंच काय झालं नाही. याचा मला जास्त राग यायचा.

ज्ञान तर विचारूच नका. अंडं कानाला लावून ती सांगायची, आत कोंबडा आहे की कोंबडी. निम्म्या वेळा चुकायची. कोंबडी म्हणून सांगितलेलं पिल्लू मोठं होऊन बांग द्यायला लागलं की त्याच्याच नावानं बोटं मोडायची. "बदल गया मुर्दार! पोटात असताना कोंबडीच होता."

मी तिच्या हातचं पाणी कधी प्यायलो नाही. गल्लीतल्या काही शहाण्यांनी त्याचा भलताच अर्थ काढला. मी जयभीमवाला माणूस. माझ्या बापाला गावात ओंजळीत वरून पाणी ओतायचे. पाणी नाकारणं म्हणजे काय असतं ते मला कुणी शिकवायची गरज नाही. ती मुसलमान म्हणून मी पाणी नाकारत नव्हतो. मी तिच्या नखाला भीत होतो. हे तिला माहीत असेल असं मला तेव्हा वाटत नव्हतं. इतक्या जाड कातडीच्या बाईला काय कळणार, असं वाटायचं.

मग गयाला लकवा झाला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, सगळं अंथरुणात व्हायला लागलं. पुण्याहून सून आली. शिकलेली, नीटनेटकी. नाकाला रुमाल लावून दारातच उभी राहिली, "आईंना डायपर लावा ना बाबा," म्हणाली, आणि वासानं उलटी होते म्हणून दुसऱ्या दिवशी परत गेली. मी करत होतो जमेल तसं. पण बाईमाणसाचं सगळं मला जमेना, आणि गया डोळे मिटून घ्यायची, तिला माझी लाज वाटायची.

एक दिवस जैतूनबी भिंत ओलांडून आत आली. विचारलं नाही, काही नाही. "भाऊ, तुम्ही भाईर जावा. चूल पेटवा, पाणी ठेवा." आत काय केलं मी बघितलं नाही. ऐकू येत होतं. ती गयाशी बडबडत होती, सलीमच्या लग्नाचं, कोंबड्यांचं, कुणाच्या तरी भांडणाचं. तासाभरानं सगळी घाण पत्र्याच्या तसल्यात घेऊन बाहेर आली, संडासात ओतली, हात कुडत्याला पुसले आणि ताटातला शेंगदाण्याचा लाडू उचलून खाल्ला. माझ्या डोळ्यादेखत. मी मोरीत जाऊन तोंड धुतलं.

ती शेवटपर्यंत रोज येत राहिली. गयाच्या डोळ्यांत प्रश्न दिसला की म्हणायची, "गयाबाई, कुछ नै होता." आणि गया गेली. त्या दिवशी मला जैतूनबीची एवढी शिसारी आली की मयताला तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला तो मी झटकला.

गयाच्या दोन कोंबड्या मागं राहिल्या. मला कोंबड्यांचा पहिल्यापासून तिटकारा. जिथं उभी राहील तिथं घाण करणारं जनावर. एक मी विकली. दुसरी, तांबडी, खुडूक झाली. मोकळ्या डालग्यात, अंडं नाही काही नाही, फुगून बसून राहायची. जवळ गेलं की चोच मारायची. मी बादली भरली. खुडूक कोंबडीला गार पाण्यात बुचकळलं की तिची ऊब उतरते, ती उठते, हे लहानपणी पाहिलेलं. भिंतीवरून आवाज आला.

"काय करता भाऊ? आंघोळ घालता?"

"उठवतोय हिला. दिवसभर नुसती बसून असते."

"तुम्ही तरी दुसरं काय करता?"

तोंडाला तोंड देणारी बाई. माझ्या हातातून कोंबडी हिसकावून घेतली. डालग्यात राख पसरली, वर कडब्याचं चिपाड, त्यावर स्वतःची अंडी मांडली. कडेला एक लोखंडी खिळा खोचला, आभाळ गडगडलं तर अंडी नासू नयेत म्हणून. मी म्हटलं, "अंडी तुझी, कोंबडी माझी, घाण कुणाची?" ती म्हणाली, "घाण माझी. येऊन काढत जाईन."

पिल्लं निघाली. एकामागं एक, ओली, लिबलिबीत, डोळे फुगलेली. लोकांना पिल्लू म्हटलं की कौतुक वाटतं. अंड्यातून निघताना बघा एकदा, मग कौतुक करा. शेवटच्या अंड्याला नुसती टीच पडलेली होती आणि आतून बारीक आवाज येत होता. तांबडीनं वाट बघितली नाही. बाकीची घेऊन उठली आणि अंगणात माती उकरायला लागली. जैतूनबीनं त्या नखानं टरफल सोलून पिल्लू बाहेर काढलं आणि तांबडीच्या पोटाखाली सारलं. तांबडीनं मान वळवली, एका डोळ्यानं बघितलं, आणि चोच मारली. डोक्यावरच. परत सारलं, परत मारली. पिल्लाच्या टाळूवरचं कातडं सोलून निघालं.

मला त्या कोंबडीची जी किळस आली ती सांगता येत नाही. एवढे दिवस ज्याच्यावर बसली, ज्याच्यासाठी माझ्या हाताला चोचा मारल्या, त्यालाच ही मारतेय, आणि दुसऱ्या क्षणाला बाकीच्यांना मायेनं कुकुक करून दाणा दाखवतेय.

मी म्हटलं, "दे रुळाकडं टाकून. घारीला होईल."

"ऐसा कैसा टाकू? जीव हाय त्यात."

"नसल्यातच जमा आहे."

तिनं ऐकलं नाही. पिल्लू ओढणीत गुंडाळून छातीशी धरलं. मग ज्वारीच्या भाकरीचा तुकडा स्वतःच्या तोंडात घातला, मिसरीच्या त्या काळ्या दातांनी चावला, आणि ती लगदा झालेली लाळ बोटावर घेऊन पिल्लाच्या चोचीत कोंबली. मी तोंड फिरवलं. पाठीमागून तिचा आवाज, "गिळलं! भाऊ, गिळलं बघा!" मी काही बघितलं नाही.

तिच्या घरात एक लुताड बोका होता, तो पिल्लं सोडायचा नाही. म्हणून ते पिल्लू माझ्या गळ्यात पडलं. "तुमच्या घरात ठेवा, खोक्यात. ऊब पायजे फक्त. बल्ब लावा वरून." एवढं सांगून गेली. मी बुटाच्या खोक्यात चिंधी टाकली, वर बल्ब टांगला, पांढराशुभ्र उजेड पडला. जेवलो. संध्याकाळी ती आली तेव्हा पिल्लू आडवं, पाय ताणलेले, चोच उघडी.

तिनं बल्बला हात लावला. मग माझ्याकडं बघितलं.

"भाऊ, हा बल्ब गार हाय."

"चालू तर आहे."

"एलईडी हाय हा! याच्यानं काय मिळतं? यानं नुस्तं मरताना दिसेल ते!"

आता पूर्वीचा पिवळा बल्ब आणायचा कुठून? गल्लीत कुणाच्याच घरात नव्हता. सगळ्यांनी बदललेले. दुकानदार हसला. मग जैतूनबी म्हणाली बाटली लागेल, गरम पाणी भरायला, चपटी, म्हणजे पिल्लाला टेकता येईल. माझ्या घरात बाटली नाही, मी कधी घेतली नाही. तिच्या घरात असायचा प्रश्नच नव्हता. तर या बाईनं काय करावं? अंगावर बुरखा चढवला आणि भरल्या रस्त्यानं दारूच्या दुकानामागच्या नालीवर गेली. माझं नशीब फुटकं म्हणून मी मागोमाग गेलो. तिथं दोघंतिघं पीत उभे होते. त्यांनी बुरख्यातली बाई बघितली आणि ग्लास लपवले. ही खाली वाकून नालीतल्या क्वार्टर उचलून उजेडाकडं धरून बघत होती, कुठली तडकलेली नाही ते. एक जण म्हणाला, "खाला, आपको क्या चाहिये?" ही म्हणाली, "खाली चाहिये, खाली! पियो जल्दी, ठैरी मै." त्यानं बिचाऱ्यानं एका दमात संपवून बाटली दिली. आणि कोपऱ्यावर मशिदीतून निघालेली चार माणसं उभी होती, ती बघतच राहिली. जैतूनबीच्या दोन्ही हातांत दोन क्वार्टर, बोटांवरून नालीचं काळं पाणी ओघळतंय, आणि मागं मी. मला वाटलं जमीन फाटावी. ती त्यांना म्हणाली, "सलाम वालेकुम. मुर्गी के बच्चे के वास्ते है."

बाटली माझ्या चुलीवर उकळलेल्या पाण्यानं भरली, गयाच्या लोकरी मोज्यात घातली, खोक्यात ठेवली. पिल्लू सरपटत तिला जाऊन चिकटलं. माझ्या घरात, गयाच्या फोटोखाली, देशी दारूचा वास सुटला होता. पण पिल्लू जगलं त्या दिवशी.

मग रोजचं झालं. ती सकाळी यायची, आधी पिल्लाची मागची बाजू बघायची. अशक्त पिल्लाची शीट तिथंच चिकटून वाळते, भोक बंद होतं आणि ते आतल्या आत फुगून मरतं. ती कोमट पाण्यात बोट बुडवून ते भिजवायची आणि नखानं अलगद सोडवायची. तसल्याच हातानं मग पुढचं सगळं, बोलता बोलता केस सारखे करणं, ओढणीला हात न पुसता भाकरीचा तुकडा मोडणं. मी तिकडं तोंड करून बसायचो. ती बोलत राहायची. घरात दुसरं कुणी बोलणारं नव्हतं हे खरं आहे. पण म्हणून घाण ही घाण नसते असं नाही.

पिल्लू जरा पायावर उभं राहिलं तशी तिनं हट्ट घेतला, आता याला आईत मिसळायचं. माणसाच्या हातावर वाढलेली कोंबडी वेडी निघते म्हणे. टाळूवरची जखम ओली होती, तिला तिनं हळद लावली. पिवळं डोकं घेऊन पिल्लू अंगणात सोडलं. तांबडीनं ते पिवळं डोकं लांबून हेरलं आणि धावून आली. ती तर ती, पिल्लंसुद्धा त्या पिवळ्या डागावर टोचायला लागली. जैतूनबीनं पिल्लू उचललं आणि विचार करत बसली. मग तिला अक्कल सुचली.

मी तेव्हा भाजी आणायला गेलो होतो. परत आलो तर अंगण पिवळं. उंबरा पिवळा. सगळी पिल्लं पिवळीधमक, तांबडीच्या पंखांवर पिवळे पंजे, जैतूनबी कोपरापर्यंत पिवळी. "सगळ्यांनाच लावली, भाऊ! आता कोणतं कुणाचं ते मुर्दारला कळणार नाय!" तांबडीला मात्र कळलं. तिनं त्या सगळ्या पिवळ्यांतून बरोबर तेच एक हुडकून काढलं आणि परत चोच मारली. बाकीच्यांना जवळ घेतलं. गल्लीतली माणसं भिंतीवरून हसत होती. "जैतूनबी, कुणाचं लगीन हाय?"

माझं लक्ष पायरीवर गेलं. तिथं बरणी होती, चिनी मातीची, रिकामी. गयाची बरणी.

ती हळद गयानं हळकुंडं आणून, वाळवून, कांडून आणली होती, लकव्याच्या आधी. वस्त्रगाळ करून बरणीत भरलेली. ती गेल्यापासून मी त्या बरणीला हात लावला नव्हता. वरण पांढरंच खात होतो. तिच्या हातचं घरात तेवढंच एक उरलं होतं, आणि ते या बाईनं कोंबड्यांना फासलं.

मी काय बोललो ते सगळं लिहीत नाही. घाणेरडी म्हटलं. माझ्या बायकोला हात लावलास तेव्हाच तुला हाकलायला पाहिजे होतं, म्हटलं. तुझे हात बघ, म्हटलं. भिंतीवरचं हसणं थांबलं. जैतूनबीनं खरंच आपले हात बघितले. उलटे, सुलटे. मग पिल्लू खोक्यात ठेवलं आणि भिंत न ओलांडता, दारानं, रस्त्यावरून आपल्या घरी गेली.

नंतर ती आली नाही. भिंतीपलीकडून कोंबड्यांना ओरडल्याचा आवाजही नाही. मी बाटली भरत होतो, पाणी ठेवत होतो. खोक्यातलं पिल्लू मात्र खाईना. मान खांद्यात घालून, डोळे मिटून उभं. उचलून बघितलं. मागं शीट वाळून दगड झाली होती, पोट फुगलं होतं. मी काडीला कापूस गुंडाळून बघितलं. काडीनं ते ओढलं जायचं, पिसं उपटायची, पिल्लू ओरडायचं. बोट लावायला हात पुढं जायचा आणि मी तो मागं घ्यायचो. घरात मी आणि ते. त्यानं ओरडणंही सोडलं.

तेव्हा ते रुमालात घेतलं, हात लांब ठेवून, आणि रस्त्यानं जाऊन तिच्या दारात उभा राहिलो. ती जमिनीवर बसून तांदूळ निवडत होती. मान वर केली नाही.

"हे मरायला लागलंय," मी म्हटलं.

"घारीला टाका. तुम्हीच बोलले होते."

"जैतूनबी."

"माझे हात घाण हायत."

बोका माझ्या रुमालाकडं बघत होता. शेवटी मी म्हटलं, "माझ्यानं होत नाही."

"मग होत नाय तर होत नाय म्हणायचं. बरणीचं काय मध्ये आणता?" तिनं तांदूळ बाजूला सारला, बोक्याला लाथ घातली, हात पुढं केला. कोमट पाणी घेतलं. मी पहिल्यांदा तोंड न फिरवता बघितलं. काय जादू वगैरे नव्हती. घाण होती, आणि ती नखानं सोडवत होती, पिसू काढावी तसं, एकेक पीस सोडवत. मग एकदम ते सुटलं आणि पिल्लानं तिच्या तळहातावर सगळं मोकळं केलं. वास असा की बोका उठून गेला. ती खूश. "हौ! आता भूक लागेल बघा याला."

तशाच हातानं फळीवरची एक स्टीलची डबी काढून माझ्यापुढं ठेवली. "घ्या तुमची हळद."

मी उघडली. आत हळद होती. अर्धी डबी, मऊ, गयानं वस्त्रगाळ केलेली तीच.

"बरणीत किडे पडले होते, भाऊ. जाळी धरली होती वरून खालपर्यंत. मी चाळून घेतली, घरी नेऊन उन्हात दिली. किडलेल्या गुठळ्या होत्या त्या पिल्लांना फासल्या. चांगली ही ठेवली, सांगणारच होते. तुम्ही सांगू दिलं कुठं?" मग डबीचं झाकण माझ्या हातात देत म्हणाली, "वापरा आता. ठेवायला नाय केली तिनं. वरणात टाका, नायतर परत किडे पडतील."

मी रोज त्या बरणीसमोर बसून जेवत होतो आणि आत किडे फिरत होते. हे मला अजून आठवलं तरी अंगावर काटा येतो.

त्या दिवशी वरण पिवळं केलं. एवढंच सांगतो.

पिल्लू जगलं. टाळूवर पिसं आली नाहीत, तिथं टक्कल राहिलं. कोंबडी निघाली. जैतूनबी पहिल्यापासून छातीठोकपणे कोंबडा म्हणत होती. आईनं तिला कधी घेतलं नाही, ती माझ्या पायात घोटाळायची आणि माझ्या अंथरुणावर घाण करायची. मी तिला कधी नाव दिलं नाही, टकली म्हणायचो तेवढंच. जैतूनबी तिला "भाऊची बेटी" म्हणायची आणि गल्लीभर हसायची.

मग सलीमला वाळूजला पक्की नोकरी लागली आणि तो आईला बजाजनगरला घेऊन जायला आला. तिसऱ्या मजल्यावरचं घर. कोंबड्या विकून टाकल्या. टेम्पोत सामान चढलं आणि जैतूनबी मला सांगायला दारात आली. मी तिला ओळखलं नाही. नवा बुरखा, फुलाफुलांची कड असलेला. तोंडाला मिसरीचा वास नाही. आणि हात. दोन्ही हात साबणानं घासून घासून पांढरे पडलेले, सुरकुतलेले, आणि ते नख मुळापासून कापलेलं. तिथं लाल मांस दिसत होतं.

"काल सून आली, तिनं कापलं," ती म्हणाली. "बोली, नाखून लेके मेरे किचन में नै आनेका." मग हसली. "तुम्हाला बरं वाटलं असंल, भाऊ. आता पाणी प्याल माझ्या हातचं."

तेव्हा कळलं. बत्तीस वर्षं तिला माहीत होतं.

मी म्हटलं, "आत ये, ठेवलंय भरून." तिनं माठातून तांब्या भरला, मला दिला. मी प्यायलो. पाण्याला साबणाचा वास येत होता. लई वंगाळ लागलं.

टकली पायात आलीच. जैतूनबी वाकली, आणि मध्येच थांबून हात मागं घेतले. "नक्को. घाण होईल. सून नाक मुरडते." ती बाई असं म्हणाली. नालीत हात घालणारी. मला सुनेची, साबणाची, तिसऱ्या मजल्याची, सगळ्याची शिसारी आली.

ती टेम्पोत चढून गाठोड्यावर बसली. सलीमनं मागचं फळकूट लावलं. मी टकलीला उचललं, रस्त्यात गेलो आणि जैतूनबीच्या मांडीवर नेऊन ठेवली. सलीम म्हणाला, "चाचा, कपडे नवे हैं." टकलीनं एकदा इकडं बघितलं, एकदा तिकडं, आणि तिच्या त्या धुतलेल्या तळहातावर ढीग केला.

सलीमनं नाक धरलं. जैतूनबीनं हात डोळ्यांजवळ नेऊन बारकाईनं बघितलं, हिरवं आहे की पांढरं, घट्ट आहे की पातळ. मग म्हणाली, "चांगली हाय तब्येत." आणि हात नव्या बुरख्याला, त्या फुलांच्या कडेला, पुसला. टकली माझ्याकडं परत दिली, तिनं उरलेलं माझ्या शर्टावर मोकळं केलं.

नंतर बजाजनगरहून ती गेल्याचा निरोपच आला. मयतात परक्या माणसाला बाईचं तोंड दाखवत नाहीत, म्हणून शेवटचं बघणं ते टेम्पोतलंच. टेम्पो स्टेशनाच्या वळणाला गेला तेव्हा ती फळकुटावरून वाकून अजून ओरडत होती. गाडी येत होती, शब्द काही ऐकू आले नाहीत. पण काय ओरडत असेल ते मला माहीत होतं. माझ्या शर्टावरून टकलीची घाण ओघळत होती, आणि मी ती पुसायची सोडून तसाच उभा होतो.